धानाचा भाव आणि संगणकावरचा डाव

जुलै २०२३ मध्ये गोंदिया शहराचे नाव महाराष्ट्रभर गाजले, ते तांदळासाठी नव्हे, एका खेळासाठी. मोबाइलवरील जुगारात आपण सुमारे ५८ कोटी रुपये गमावले, अशी तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने केली. नागपूर पोलिसांनी गोंदियातील एका सट्टेबाजाच्या घरावर छापा घातला आणि रोकड, सोने व चांदी यांचे डोळे दिपविणारे आकडे वृत्तपत्रांतून झळकले. तक्रारीचा गाभा असा होता की, हा खेळ मुळातच लबाडीचा होता. पैसे लावणाऱ्याने शेवटी हरावे, अशीच त्याची रचना होती. यातले खरेखोटे ठरविणे हे न्यायालयाचे काम. तथापि या प्रकरणाने खेळांविषयीचे एक मूलभूत सत्य उघड्यावर आणले. खेळाचा निकाल खेळणाऱ्याच्या हुशारीवर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो नियम कोणी लिहिले यावर अवलंबून असतो. आणि नियम लपलेले असले, तर खेळणारा आपल्याच नशिबाला दोष देत बसतो.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली. त्याच कायद्याने शैक्षणिक व सामाजिक स्वरूपाच्या खेळांना मात्र उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे खेळ हे माध्यम वाईट नाही, त्याचा हेतू वाईट असू शकतो, हा भेद कायद्यानेही मान्य केला आहे. हा भेद ध्यानात घेतल्यास एक वेगळाच प्रश्न विचारता येतो. ज्या संगणकीय खेळाने माणसाला फसविता येते, त्याच खेळाने त्याला वस्तुस्थिती समजावून देता येईल काय? वृत्तपत्र जे काम शब्दांनी व छायाचित्रांनी करते, ते काम खेळ करू शकेल काय? आणि तसा खेळ गोंदियासारख्या जिल्ह्यात कोणत्या विषयावर रचावा?

बातमीचा खेळ म्हणजे काय?

ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. उरुग्वेचे गोंझालो फ्रास्का यांनी २००३ मध्ये ‘सप्टेंबर १२’ नावाचा एक साधा खेळ संगणकावर आणला. पडद्यावर पश्चिम आशियातील एक गाव दिसते. माणसे रस्त्यावरून ये-जा करीत असतात. त्यांत काही बंदूकधारी असतात. खेळणाऱ्याच्या हाती क्षेपणास्त्र आहे. त्याने ते सोडले की बंदूकधाऱ्याबरोबर आसपासचे निरपराधही मरतात. त्यांच्यासाठी रडणारे नातेवाईक पाहता पाहता बंदूकधारी बनतात. जितका मारा अधिक, तितके शत्रू अधिक. हा खेळ जिंकताच येत नाही. अग्रलेखाला ज्या निष्कर्षासाठी दोन स्तंभ लागले असते, तो निष्कर्ष येथे खेळणाऱ्याच्या स्वतःच्या बोटांनी सिद्ध होतो.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००७ मध्ये आपल्या मतविभागात आयात अन्नाच्या तपासणीवरील एक खेळ प्रसिद्ध केला. तपासनीस थोडे, आयात वाढती. अशा स्थितीत दूषित माल निसटणारच, हे त्यात खेळणाऱ्याला स्वतः तपासनीस होऊन कळत असे. ‘फायनान्शियल टाइम्स’ने २०१७ मध्ये ‘द उबर गेम’ हा खेळ काढला. त्यासाठी त्या पत्राच्या बातमीदारांनी अनेक टॅक्सीचालकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. खेळणाऱ्याने एका आठवड्यात एक हजार डॉलर कमवायचे. मुलाच्या गृहपाठाला बसावे की आणखी एक फेरी मारावी, हे त्यानेच ठरवायचे. या साऱ्या प्रयत्नांचे शास्त्र इयान बोगोस्ट, सायमन फेरारी व बॉबी श्वायझर यांनी २०१० मधील ‘न्यूजगेम्स’ या ग्रंथात मांडले. भारतातही मासला आहेच. एका प्रसिद्ध विवाहविषयक संकेतस्थळाने २०१२ मध्ये ‘अँग्री ब्राइड्स’ हा हुंडाविरोधी खेळ काढला. त्यात हुंडेबाज वरांवर पायताणासकट हाती येईल ते फेकावयाचे आणि त्यांची ‘किंमत’ उतरवावयाची. मात्र त्यात रोष होता, शोध नव्हता. बातमीचा खेळ आणि प्रचाराचा खेळ यांतील अंतर येथेच दिसते.

हे सारे परदेशी कौतुक आहे, असे कोणास वाटल्यास त्याने आपल्याच घरातील सापशिडी आठवावी. तिचा पूर्वज मोक्षपट. त्याचे जनकत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. उपलब्ध जुने पट मात्र बरेच अलीकडचे आहेत. त्यांतील सापांना दुर्गुणांची आणि शिड्यांना सद्गुणांची नावे असत. कवड्या टाकणाऱ्या मुलाला प्रवचन ऐकावे लागत नसे. क्रोधाच्या घरात गेल्यावर तो आपोआप खाली येई. पुढे सापशिडी इंग्लंडला गेली आणि कालांतराने घरांवरची नावे गळून पडली. उरली ती केवळ करमणूक. घरोघरी खेळल्या जाणाऱ्या ‘व्यापारा’ची कथाही अशीच आहे. त्याचे मूळ अमेरिकेतील लिझी मॅगी या बाईंच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे, त्याचे पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. जमीन मूठभरांच्या हाती साचली की खंडाने बाकीचे कसे नागवले जातात, हे दाखविण्यासाठी बाईंनी तो रचला. पुढे त्याच खेळाच्या नव्या रूपाने मुलांना नागविण्यातच आनंद मानावयास शिकविले. नियम हेही एक प्रकारचे लेखन आहे, त्यांना मत असते आणि ते मत बदलता येते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

धानाची बातमी अपुरी का राहते?

आता गोंदियाकडे वळावे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानावर जगतो. मामा तलाव, बोड्या, बांध्या आणि गावोगावच्या भात गिरण्या हीच त्याची ओळख. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येथील वृत्तपत्रांत ठरावीक मथळे दिसू लागतात. खरेदी केंद्रे सुरू झाली नाहीत, बारदाना नाही, गोदामे भरली, धान उघड्यावर भिजला, चुकारे थकले, व्यापाऱ्यांनी पडेल भावात धान उचलला. प्रत्येक बातमी आपापल्या जागी खरी असते. परंतु गेल्या वर्षीचे कात्रण आणि यंदाचे कात्रण शेजारी ठेवले, तर तारखेपलीकडे फारसा फरक दिसत नाही. वाचकाला बातमी पाठ होते, पण कारण कळत नाही.

याचा दोष बातमीदाराला देणे अन्यायाचे होईल. बातमी हा प्रकारच घटनेचा आहे. काल काय घडले, हे ती सांगते. धानाचे दुखणे हे घटनेचे नसून व्यवस्थेचे आहे. पेरणीपासून चुकाऱ्यापर्यंत दहाबारा नियम एकमेकांत अडकलेले असतात. त्यांतला एक हलला की बाकीचे हलतात. हलका धान दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येतो. त्याच वेळी मजुरीची देणी उभी असतात, सण तोंडावर असतो आणि दुकानदाराची उधारी असते. केंद्र सरकारने आधारभूत किंमत जाहीर केलेली असते. परंतु त्या किमतीने घेणारे केंद्र उघडलेले नसेल, तर ती किंमत कागदावरची राहते. शेतकरी थांबला तर भाव मिळेल, पण थांबण्याची ऐपत ज्याच्याकडे असेल त्यालाच. ‘व्यापाऱ्यांकडून लूट’ हा मथळा वाचून वाचकाला संताप येतो. परंतु शहाणा शेतकरी लुटले जाणे का पत्करतो, हे त्याला कळत नाही. ते कळण्यासाठी शेतकऱ्याच्या जागी बसावे लागते आणि बातमीच्या खेळात वाचकाला नेमके तेच करावे लागते.

अशा खेळात खुर्च्या तीन असाव्यात. पहिली शेतकऱ्याची. हाती एक हेक्टर बांधी, सोसायटीचे कर्ज आणि ते बिनव्याजी राहावे म्हणून ३१ मार्चची मुदत. रोवणी कधी करावी, तुडतुड्यावर फवारणी किती करावी, धान कडपे पडताच विकावा की पुंजणे घालून थांबावे, हे निर्णय त्याने घ्यावयाचे. पुंजणे घातले आणि अवकाळी पाऊस आला, तर काय? दुसरी खुर्ची खरेदी केंद्र चालविणाऱ्या संस्थेच्या सचिवाची. मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळ यांच्या वतीने तो धान घेतो. १७ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला धान घेतला तर साठवणीतली तूट त्याच्या अंगावर येते. नाकारला तर तो शेतकरी दहा कोसांवरून भाड्याच्या ट्रॅक्टरने आलेला असतो. तिसरी खुर्ची गिरणीमालकाची. त्याला एका क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ शासनाला द्यावयाचा असतो. तुकडा अधिक पडला तर तो कोठून भरून काढावयाचा? त्याने भरडाईसाठी धान उचलला नाही की गोदाम रिकामे होत नाही. गोदाम रिकामे झाले नाही की केंद्र बंद पडते. केंद्र बंद पडले की पहिल्या खुर्चीवरचा शेतकरी व्यापाऱ्याच्या दारात जातो.

बातमीला बहुधा एक आरोपी लागतो. वरील खेळात तिन्ही खुर्च्यांवर बसून आलेल्या वाचकाला आरोपी शोधण्याची घाई राहणार नाही. याचा अर्थ कोणीच दोषी नसतो, असा नव्हे. खोट्या नोंदी करणारा दोषीच आहे. परंतु लबाडी कोठे संपते आणि नाइलाज कोठे सुरू होतो, ही रेषा अशा वाचकाला अधिक स्पष्ट दिसेल. जिल्ह्याच्या सार्वजनिक चर्चेला आज याच विवेकाची गरज आहे.

एक नियम बदलला की

नियमाचे सामर्थ्य पाहण्यासाठी बोनसचेच उदाहरण घ्यावे. २०२०-२१ च्या हंगामात राज्य शासन धान उत्पादकांना क्विंटलमागे ७०० रुपये, जास्तीत जास्त ५० क्विंटलपर्यंत, प्रोत्साहनपर रक्कम देत होते. पुढे ही पद्धत बदलली. २०२२-२३ साठी हेक्टरी १५,००० रुपये आणि २०२३-२४ साठी हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे ठरले. क्विंटलवर रक्कम दिली की दुसऱ्याचा धान शेतकऱ्याच्या नावावर खपविण्याचा मोह होतो, हे या बदलामागचे एक कारण होते. वृत्तपत्रांत त्यावर वाद झाला, तो रक्कम वाढली की घटली यावर. प्रत्यक्षात बदलले होते ते आणखी काही.

समजा, एका हेक्टरात ३५ क्विंटल धान झाला. जुन्या नियमाने २४,५०० रुपये बोनस मिळाला असता. नव्या नियमाने २०,००० मिळतील. शेतकरी ४,५०० रुपयांनी मागे. आता समजा, पावसाने दगा दिला आणि १५ क्विंटलच हाती आला. जुन्या नियमाने १०,५०० रुपये; नव्या नियमाने तेच २०,०००. म्हणजे जुना नियम चांगल्या पिकाला बक्षीस देत होता, नवा नियम वाईट वर्षात आधार देतो. सिंचनाखालच्या शेतकऱ्याला पहिला गोड वाटेल, कोरडवाहू शेतकऱ्याला दुसरा. आणि जो बटईने दुसऱ्याची जमीन कसतो, त्याचे काय? नोंदणी सातबाऱ्यावर होते, सातबारा मालकाच्या नावावर असतो. हेक्टरी रक्कम घाम गाळणाऱ्याकडे न जाता मालकाच्या खात्यात जाऊ शकते. ही सारी आकडेमोड लेखात वाचताना डोळ्यांखालून निघून जाते. तीच पाच हंगाम स्वतः खेळून पाहिली, एकदा मालक होऊन आणि एकदा बटईदार होऊन, तर तिचा विसर पडणार नाही.

या खेळाला सीमेचाही पदर आहे. देवरी आणि सालेकसा तालुक्यांच्या पूर्वेला छत्तीसगड लागते. तेथील सरकारने २०२३-२४ च्या हंगामात आपल्या शेतकऱ्यांना एकरी २१ क्विंटलच्या मर्यादेत क्विंटलला ३,१०० रुपये दिले. त्या हंगामात केंद्राची आधारभूत किंमत साधारण धानाला २,१८३ रुपये होती. महाराष्ट्राचा हेक्टरी बोनस ३५ क्विंटलांवर वाटून त्यात मिळविला, तरी हिशेब २,७५४ रुपयांच्या आसपास थांबतो. एकच पाऊस, एकच वाण, एकच कष्ट. मध्ये एक सीमारेषा आणि भावात सुमारे साडेतीनशे रुपयांचा फरक. अशा ठिकाणी धानाने रात्री रेषा ओलांडावी, यात नवल कोणते? खेळणाऱ्यासमोर हा मोह ठेवावा, त्यातला धोकाही ठेवावा आणि मग त्याला ठरवू द्यावे. तस्करीची बातमी वाचणारा ‘कायदा कडक करा’ म्हणतो. हा मोह स्वतः अनुभवलेला वाचक दोन राज्यांच्या धोरणांविषयी प्रश्न विचारील.

सावधगिरीच्या चार गोष्टी

या माध्यमाचे धोके लहान नाहीत. पहिला धोका पोरकटपणाचा. २००४ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा प्रसंग पुन्हा घडवून आणणारा एक खेळ स्कॉटलंडमधील एका कंपनीने काढला. इतिहास समजावून देण्याचा दावा त्यामागे होता. प्रत्यक्षात खेळणाऱ्याच्या हाती मारेकऱ्याची बंदूक आली आणि सर्वत्र त्याचा धिक्कार झाला. विदर्भात शेतकऱ्याच्या आयुष्यावर खेळ रचताना हे उदाहरण सतत डोळ्यांपुढे हवे. शेतकऱ्याचे मरण ही डावातली चाल होता कामा नये. कर्ज, हुकलेली मुदत, विकलेली बैलजोडी एवढ्यावर खेळ थांबावा. त्यापुढे मौन हेच सभ्यतेचे लक्षण.

दुसरा धोका छुप्या मताचा. लेखातले मत वाचकाला दिसते आणि तो त्याच्याशी भांडू शकतो. खेळातले मत नियमाच्या आड दडलेले असते. पावसाची शक्यता किती धरली, व्यापाऱ्याचा भाव किती धरला, यावर निकाल ठरतो. खेळणाऱ्याला मात्र तो वास्तवाचाच निकाल वाटतो. म्हणून बातमीच्या खेळाबरोबर त्याचे सर्व नियम आणि त्यांचे आधार छापलेच पाहिजेत. अमुक भाव अमुक तारखेच्या अमुक बाजारातला, अमुक उतारा कृषी विभागाच्या नोंदीतला, असे स्पष्ट लिहावे. चूक आढळली तर वृत्तपत्र जसा खुलासा छापते तसा नियम दुरुस्त करून तो जाहीर करावा. नियम उघडे असणे हाच जुगाराच्या ॲपात आणि बातमीच्या खेळात असलेला खरा फरक होय.

तिसरा धोका पैशाचा. असा खेळ एखाद्या खात्याच्या अनुदानावर निघाला तर त्यात केंद्रे वेळेवर उघडतील. गिरणीमालकांच्या देणगीवर निघाला तर तुकडा अधिक पडेल. वृत्तपत्राने किंवा महाविद्यालयाने स्वतःच्या बळावर जेवढे झेपेल तेवढेच करावे. चौथी गोष्ट वेगाची. खेळ तयार होण्यास महिने लागतात. आगीची, अपघाताची, निवडणुकीच्या निकालाची बातमी त्याला पेलणारी नाही. जे दुखणे दरवर्षी त्याच महिन्यात परत येते, त्याच्यासाठीच हे साधन आहे. धान खरेदी हे तसे दुखणे आहे.

सुरुवात पुठ्ठ्यापासून

संगणक, प्रोग्रामर, निधी यांच्या अभावी काहीच करता येणार नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. नियम आधी पुठ्ठ्यावरच पारखले जातात. गोंदियातील एखाद्या महाविद्यालयातील अर्थशास्त्राचे व मराठीचे विद्यार्थी, एक जाणता बातमीदार, आणि केंद्रांवर उभे राहिलेले चार शेतकरी एवढ्या सामग्रीवर पहिला पट तयार होऊ शकतो. विद्यार्थ्यांनी हंगामभर एका केंद्रावर बसून नोंदी कराव्यात. सचिवाला, हमालाला, गिरणीवाल्याला प्रश्न विचारावेत. शिक्षकांनी आकडे तपासावेत. कचेरीत काम करणाऱ्या जाणत्या कारकुनाने नोंदणीचा अर्ज नेमका कोठे अडतो हे सांगावे. हे शोधकार्य म्हणजेच पत्रकारिता आहे. त्यातून उतरलेला पट नंतर मोबाइलवर नेणे हे तुलनेने सोपे काम.

आणि तो पट मांडावयाचा कोठे, हा प्रश्न झाडीपट्टीला पडू नये. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार उभी राहते, आणि पुढे होळीपर्यंत नाटकांच्या रात्री रंगतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्रीने या रंगभूमीचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. दंडारीतला सोंगाड्या गावाच्या कारभारावर बोट ठेवतो आणि सावकारही समोर बसून हसतो. मराठीत नाटकाच्या प्रयोगालाही ‘खेळ’च म्हणतात. मंडईचे दिवस आणि धान खरेदीचे दिवस एकच आहेत. मंडईच्या मांडवात एका बाजूला धानाचा पट मांडला, शेतकऱ्याला गिरणीमालकाच्या खुर्चीवर आणि व्यापाऱ्याला शेतकऱ्याच्या खुर्चीवर बसविले, तर जी चर्चा होईल तिची बातमी जिल्ह्याच्या पत्रांनी अवश्य छापावी.

शेतकरी हा खेळ दरवर्षी खेळतोच. त्याला नियम ठाऊक नसतात असे नाही. ते ठरविणाऱ्यांच्या पंक्तीत त्याला जागा नसते आणि शहरातल्या वाचकाला ते नियम आहेत याचाच पत्ता नसतो. आधारभूत किंमत दिल्लीत ठरते, बोनस नागपूरच्या अधिवेशनात जाहीर होतो, केंद्राची तारीख जिल्हा पातळीवर हलते आणि धान मात्र आपल्या वेळेवर पिकतो. या चारही गोष्टी एका पटावर आणून वाचकासमोर ठेवणे, हे वृत्तपत्राच्या धर्माला धरूनच आहे. येत्या हंगामाचे पऱ्हे टाकले जाण्यापूर्वी जिल्ह्यातील एखाद्या वर्गात पुठ्ठ्याचा पहिला पट पसरला गेला, तर निदान पुढच्या दिवाळीची बातमी गेल्या दिवाळीच्या कात्रणासारखी वाचली जाणार नाही.